इकोच्या रिपोर्टमध्ये ‘इम्पेअर्ड रिलॅक्सेशन’ लिहिलंय, म्हणजे नेमकं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आईचं वय ६३. दोन्ही गुडघे झिजलेत, उजव्या गुडघ्याचं सांधेबदलाचं ऑपरेशन ठरलंय. सात-आठ वर्षांपासून बीपीची एक गोळी चालू आहे. ऑपरेशनआधी फिटनेससाठी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. रिपोर्टच्या शेवटी लिहिलंय: ‘ईएफ ६० टक्के, नो आरडब्ल्यूएमए, ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन, इम्पेअर्ड एलव्ही रिलॅक्सेशन’. नेटवर रिलॅक्सेशन शोधलं तर ध्यान, मसाज, योगनिद्रा. डायस्टॉलिक डिसफंक्शन शोधलं तर थेट हार्ट फेल्युअर. आई म्हणते, “मला कसला आलाय ताण?” आणि दोन दिवस धड जेवलेली नाही. हे नक्की काय आहे, आणि ऑपरेशन करावं का?

आधी आईंना पोटभर जेवायला सांगा. तुम्ही लिहिलेल्या त्या ओळींतली सर्वांत मोठी बातमी चांगली आहे. ईएफ म्हणजे दर ठोक्याला डाव्या खालच्या कप्प्यातल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकललं जातं तो आकडा; ६० टक्के म्हणजे हृदयाची आकुंचनाची ताकद उत्तम आहे. ‘नो आरडब्ल्यूएमए’ म्हणजे भिंतीचा कुठलाही भाग हालचालीत मागे पडलेला नाही, जुन्या मोठ्या अटॅकची खूण दिसत नाही. राहिली ती रिलॅक्सेशनची ओळ. मी रोज इको करणारा फिजिशियन आहे. साठी ओलांडलेल्या आणि बीपी असलेल्या माणसांच्या रिपोर्टमध्ये ही ओळ इतकी नेहमीची आहे की ती नसलेला रिपोर्टच मला लक्षात राहतो. म्हणून ती बिनमहत्त्वाची मात्र ठरत नाही. ती काय सांगते आणि काय सांगत नाही हे नीट समजलं तर पुढची पंधरा-वीस वर्षं तिचा उपयोग होईल.

गोंधळ होणं साहजिक आहे, कारण दवाखान्यात रिलॅक्सेशन हा शब्द दिवसभर वेगवेगळ्या अर्थांनी कानावर पडतो. कंबर धरली की मिळते ती मसल रिलॅक्संट गोळी. मोठ्या ऑपरेशनात स्नायू पूर्ण ढिले करायला भूलतज्ज्ञ इंजेक्शन देतात, तेही रिलॅक्संट. छातीत दुखताना जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करते, वाहिन्या रुंदावतात. रक्तवाहिनीचं अस्तर स्वतःच असं सैल करणारं द्रव्य सोडतं, हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवलं. ते द्रव्य नायट्रिक ऑक्साइड निघालं आणि १९९८ चं वैद्यकाचं नोबेल त्या कामाला मिळालं. आणि मग आपण सगळे म्हणतो ते, मनाचं आणि अंगाचं रिलॅक्सेशन. आईंच्या रिपोर्टमधली ओळ यांतल्या कशाबद्दलच बोलत नाही. ती फक्त हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याच्या (रिपोर्टमधलं ‘एलव्ही’) भिंतीबद्दल आहे: आकुंचन झाल्यावर ती भिंत किती लवकर आणि किती पूर्ण सैल होते, एवढंच. त्यामुळे आईंचं म्हणणं बरोबर आहे. त्यांच्या स्वभावाशी, काळजी करण्याशी किंवा न करण्याशी या ओळीचा थेट संबंध नाही. ‘तू टेन्शन घेतेस म्हणून असं झालं’ असं घरात कुणी त्यांना ऐकवत असेल तर ते थांबवा.

आता ती भिंत सैल होते म्हणजे काय होतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

नाडी ७५ असेल तर एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतात. त्यातले साधारण ०.३ सेकंद आकुंचनाचे, उरलेले ०.५ सेकंद प्रसरणाचे. या प्रसरणालाच डायस्टोल म्हणतात, ‘डायस्टॉलिक’ शब्द त्यावरूनच. आकुंचनात रक्त अंगभर ढकललं जातं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. प्रसरणात पुढच्या ठोक्यासाठी कप्पा भरतो, आणि हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला, विशेषतः डाव्या बाजूला, रक्तही मुख्यतः याच वेळात मिळतं. बहुतेकांना वाटतं की आकुंचन हे काम आणि प्रसरण ही विश्रांती. स्नायूच्या पेशीत उतरून पाहिलं तर चित्र वेगळं आहे. आकुंचनासाठी पेशीत कॅल्शियम सुटतं, तंतू एकमेकांत अडकून ओढले जातात. सैल व्हायचं तर ते सगळं कॅल्शियम उपसून परत आपल्या जागी भरावं लागतं. हे उपसणारे पंप एटीपीवर, म्हणजे पेशीच्या इंधनावर चालतात. अडकलेले तंतू सुटायलासुद्धा एटीपी लागतं. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठरतं त्याचं कारण हेच: इंधन संपलं की स्नायूला सैल होता येत नाही. दिवसाला लाखभर ठोके धरले तर लाखभर वेळा हा उपसा होतो. म्हणून इंधनाची ओढाताण झाली की आधी अडखळतं ते सैल होणं. आकुंचनाचा जोर त्यानंतर कमी होतो. नाडी वाढली की काय होतं तेही यातून कळेल. १५० च्या वेगाला सगळा ठोकाच ०.४ सेकंदांचा उरतो, आणि कापला जातो तो मुख्यतः प्रसरणाचा वेळ.

आणखी एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. आकुंचनात डाव्या कप्प्याला चक्क पीळ पडतो. टोक एका दिशेला फिरतं, तळ उलट्या दिशेला. त्याच वेळी तंतूंमधलं टायटिन नावाचं अवाढव्य प्रथिन दाबलं जातं आणि ताण साठवून ठेवतं. आकुंचन संपताच पीळ झपाट्याने उलगडतो आणि कप्पा वरच्या कप्प्यातलं रक्त अक्षरशः ओढून घेतो. औषधाच्या बाटलीतला ड्रॉपर दाबून सोडला की औषध आपोआप वर चढतं, तसंच. दुसऱ्या शतकातला वैद्य गेलन याचं मत होतं की हृदयाची खरी क्रिया म्हणजे फाकणं आणि रक्त ओढणं. विल्यम हार्वीने १६२८ मध्ये ते खोडून काढलं आणि आकुंचन हीच कर्ती क्रिया असं प्रस्थापित केलं. रक्ताभिसरणाबाबत हार्वी पूर्ण बरोबर होता, पण हृदय रक्त ओढतं हे गेलनचं निरीक्षणही वाया जाणारं नव्हतं. वय वाढतं, बीपीमुळे भिंत जाड होते, पेशींमध्ये चिवट धागे वाढतात, कॅल्शियमचे पंप मंदावतात; मग ही ओढ कमी होते. कप्पा भरतो, पण हळू. ‘इम्पेअर्ड रिलॅक्सेशन’ एवढंच सांगतं.

इको करताना हे आम्हाला कसं दिसतं? आईंना डाव्या कुशीवर झोपवून, छातीला गार जेली लावून प्रोब फिरवला असेल, आणि मध्येच मशीनमधून ‘हुश्श-हुश्श’ असा आवाज आला असेल. तो डॉप्लरचा आवाज. त्या वेळी पडद्यावर डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या मायट्रल झडपेतून खाली येणाऱ्या रक्ताचा वेग उमटत असतो. प्रत्येक ठोक्याला दोन टेकड्या दिसतात. पहिली ‘ई’: झडप उघडताच कप्पा रक्त ओढून घेतो ती. दुसरी ‘ए’: शेवटी वरचा कप्पा आकुंचन पावून उरलंसुरलं रक्त खाली लोटतो ती. पंचविशीतल्या माणसात पहिली टेकडी ठळक उंच, दुसरी बुटकी. कप्पा बहुतांश रक्त पहिल्याच ओढीत घेतो. वय वाढतं तशी पहिली खाली येते, दुसरी वर चढते. साठीच्या आसपास दोन्ही सारख्या होतात आणि पुढे बहुतेकांत दुसरी उंच होते. म्हणजे वरचा कप्पा जास्त हातभार लावू लागतो. भरण्यातला त्याचा वाटा ३५-४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. ‘ई’ भागिले ‘ए’ हे गुणोत्तर रिपोर्टमध्ये छापलेलं असतं. आईंचं ते बहुधा ०.७ किंवा ०.८ असेल.

इथे मला एक तक्रार स्पष्ट मांडायची आहे. अनेक ठिकाणी ‘ई’ पेक्षा ‘ए’ उंच दिसली की ‘ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन’ ही तयार ओळ रिपोर्टमध्ये पडते. ६३ वर्षांच्या बाईत ‘ए’ उंच असणं हे केस पिकण्याइतकं वयाला धरून असू शकतं. अमेरिका आणि युरोपच्या इको संघटनांनी २०१६ मध्ये मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत ईएफ चांगला असलेल्या माणसासाठी चार गोष्टी एकत्र पाहायला सांगितल्या आहेत. मायट्रल झडपेच्या कडीचा वेग, ज्याला रिपोर्टमध्ये ‘ई प्राइम’ म्हणतात, तो मधल्या पडद्याच्या बाजूला सेकंदाला ७ सेंटिमीटरपेक्षा किंवा बाहेरच्या बाजूला १० पेक्षा कमी आहे का? ‘ई’ भागिले ‘ई प्राइम’ १४ च्या वर आहे का? डाव्या वरच्या कप्प्याचं आकारमान शरीराच्या प्रति चौरस मीटर ३४ मिलिलिटरपेक्षा जास्त आहे का? उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला २.८ मीटरच्या वर आहे का? चारांपैकी निम्म्याहून जास्त उत्तरं ‘हो’ आली तर बिघाड नक्की म्हणायचा. यात एकट्या ‘ई-ए’च्या उलट्या टेकड्यांना स्थानच नाही. त्यामुळे तुम्ही निष्कर्षाची ओळ बाजूला ठेवा आणि वरच्या आकड्यांच्या तक्त्यात ही चार मापं शोधा. नसतील तर इको केलेल्या डॉक्टरांना नम्रपणे विचारा की डाव्या वरच्या कप्प्याचा आकार आणि ‘ई बाय ई प्राइम’ किती आलं. विचारण्यात काही गैर नाही.

या मापांतलं मला सगळ्यात बोलकं वाटतं ते डाव्या वरच्या कप्प्याचं आकारमान. खालचा कप्पा नीट सैल होत नसेल तर वरच्यावर वर्षानुवर्षं दाब पडतो आणि तो ताणून मोठा होतो. रक्ताचा वेग क्षणाक्षणाला बदलतो. पाणी कमी प्यायलं, सकाळची गोळी चुकली, तपासणीच्या भीतीने नाडी वाढली, तरी आकडे हलतात. कप्प्याचा आकार एका दिवसात बदलत नाही. तो साधारण असेल तर मी निश्चिंत असतो. त्याच्या जोडीला ‘आयव्हीएस’, म्हणजे दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याची जाडी पाहा. बाईमाणसात ती ९ मिलिमीटरपर्यंत साधारण धरतात. ११-१२ असेल तर बीपीने भिंत जाड केली आहे. मग एक गोळी चालू आहे एवढ्यावर समाधान न मानता बीपी खरोखर आटोक्यात आहे का ते तपासायलाच हवं.

ग्रेडबद्दलही एक गोष्ट लोकांना सांगितली जात नाही. ग्रेड दोनमध्ये वरच्या कप्प्यातला दाब इतका वाढतो की रक्त पुन्हा जोरात खाली येतं आणि पहिली टेकडी परत उंच दिसू लागते. पाहणाऱ्याला वाटावं सगळं ठीक आहे! म्हणून त्याला ‘स्यूडोनॉर्मल’ म्हणतात. शंका आली की आम्ही पेशंटला श्वास कोंडून, शौचाला करतात तसा जोर करायला सांगतो. हृदयाकडे येणारं रक्त क्षणभर कमी होतं आणि खोटा नॉर्मलपणा उघडा पडतो, टेकड्या उलटतात. ग्रेड तीनमध्ये ‘ई’ दुसरीच्या दुप्पट किंवा जास्त उंच जाते. तिथे भिंत खूपच ताठर झालेली असते आणि पेशंटला सहसा त्रास होत असतो. आईंच्या ग्रेड वनमध्ये विश्रांतीच्या वेळी वरच्या कप्प्यातला दाब सहसा वाढलेला नसतो, हा मोठाच दिलासा आहे.

मग हे हार्ट फेल्युअर आहे का? नाही. हार्ट फेल्युअर हे निदान निव्वळ इकोवर होत नाही, त्याला त्रास आणि लक्षणं लागतात. ईएफ ५० किंवा जास्त असूनही हार्ट फेल्युअर असू शकतो, हे खरं आहे. हार्ट फेल्युअरच्या जवळपास निम्म्या पेशंटमध्ये ईएफ टिकून असतो. पण उलट दिशेने पाहा. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या ओल्मस्टेड काउंटीत ४५ वर्षांवरच्या २,०४२ लोकांचे इको करून २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतल्या २०.८ टक्के लोकांत सौम्य डायस्टॉलिक डिसफंक्शन सापडलं. हार्ट फेल्युअर मात्र २.२ टक्क्यांतच होता. त्याच अभ्यासाचा दुसरा भागही सांगायला हवा: सौम्य दोष असलेल्यांतही पुढच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण दोष नसलेल्यांपेक्षा जास्त आढळलं. म्हणूनच मी या ओळीकडे ‘काही नाही हो, वयाचं आहे’ म्हणून हात झटकत नाही. ज्या गोष्टी भिंत ताठर करतात, म्हणजे बीपी, साखर, वजन आणि बैठेपणा, त्यांच्याकडे लक्ष द्यायला मिळालेली ती लवकरची सूचना आहे.

ब्लॉकेज आहे का, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. टूडी इकोत हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे दिसत नाहीत. दिसतो तो त्यांचा परिणाम, भिंतीच्या हालचालीवर. आईंच्या भिंती नीट हलतात. नुसत्या ग्रेड वनवरून अँजिओग्राफी करा असं कुणी सांगितलं तर कारण विचारा आणि दुसरं मत घ्या. छातीत दडपण, चालताना जबडा किंवा डावा हात भरून येणं, असलं काही असेल तर गोष्ट वेगळी.

आता लक्षणं. इथे आईंच्या बाबतीत एक खाचखळगा आहे. “दम लागतो का?” असं विचारलं की गुडघेदुखीचा पेशंट प्रामाणिकपणे “नाही” म्हणतो, कारण दम लागेल इतकं तो चालतच नाही. जिना चढायचाच नाही, बाजारात रिक्षाने जायचं, देवळात बाहेरच्या बाकावर बसायचं. हृदयाची परीक्षाच होत नाही. म्हणून वेगळं विचारा. दोन-तीन वर्षांपूर्वी गुडघे इतके दुखत नव्हते तेव्हा जिना चढताना मध्ये थांबावं लागायचं का? अंथरूण घालताना, कपडे वाळत घालताना, पाण्याची कळशी उचलताना धाप लागते का? रात्री सपाट झोपता येतं की दोन-तीन उशा लागतात? झोपल्यावर तास-दोन तासांनी श्वास कोंडून उठून बसावं लागतं का? संध्याकाळी घोट्याजवळ बोटाने दाबलं तर खळगा राहतो का? यांतलं एकही ‘हो’ आलं तर ऑपरेशनआधी फिजिशियनला किंवा हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा. हृदयावर ताण पडतोय का ते सांगणारी एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ततपासणी इथे कामाची आहे. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड सोबतच करून घ्या. आपल्याकडे बायकांच्या धापेमागे रक्त कमी असणं हे कारण फार वेळा निघतं आणि हृदयाच्या नावावर खपतं.

ऑपरेशनचं म्हणाल तर, लक्षणं नसतील आणि बीपी ताब्यात असेल तर या ओळीमुळे गुडघ्याचं ऑपरेशन रद्द करायचं काही कारण मला दिसत नाही. उलट चालता येऊ लागलं तर हृदयाला फायदाच आहे. मात्र भूलतज्ज्ञांच्या हातात हा रिपोर्ट आधीच द्या. त्यांच्यासाठी ही ओळ महत्त्वाची आहे, कारण हळू सैल होणाऱ्या हृदयाला दोन गोष्टी सोसत नाहीत. एक, थोड्या वेळात भराभर दिलेलं सलाईन. कप्पा पटकन मोठा होत नाही, मग दाब मागे फुप्फुसांत जातो आणि पाणी साचतं. दुसरी, फार वाढलेली नाडी, मग ती वेदनेने असो, तापाने असो की रक्त गेल्याने. भरायला मिळणारा वेळच कमी होतो. त्यातही एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची लय बिघडून ते नुसते थरथरणं, झालं तर दुसरी टेकडी पूर्ण नाहीशी होते, आणि आईंचं हृदय तर तिच्यावर जास्त विसंबून आहे. हे माहीत असलेला भूलतज्ज्ञ सलाईन मोजून देतो, वेदना दाबून ठेवतो, लय पाहत राहतो. ऑपरेशननंतर वॉर्डात नातेवाईक ‘अशक्तपणा वाटतोय, अजून एक बाटली लावा’ म्हणून सिस्टरांच्या मागे लागतात. आईंच्या बाबतीत तो आग्रह धरू नका.

आणि गुडघ्याच्या गोळ्या. हे मी मुद्दाम वेगळं लिहितो आहे, कारण याकडे हमखास दुर्लक्ष होतं. डायक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब, आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि बीपी वाढवतात. गुडघ्यासाठी रोज अशी गोळी आणि बीपीसाठी दुसरी, असं वर्षानुवर्षं चाललेलं मी पाहतो. एक गोळी दुसरीचं काम पुसून टाकते. आई मेडिकलमधून आणलेली कुठली वेदनाशामक गोळी घेत असतील तर तिची पट्टी घेऊनच डॉक्टरांकडे जा. पॅरासिटामॉल, मलम, शेक, मांडीचे व्यायाम यांवर भागतं का ते आधी बघता येतं.

रिलॅक्सेशन सुधारायला गोळी आहे का? थेट डाव्या कप्प्याला सैल करणारी, भरवशाची अशी गोळी आज नाही. बीपी खाली आणणं हाच खरा उपचार. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हॅलिड नावाच्या चाचणीत बीपी आणि डायस्टॉलिक दोष असलेल्यांना दोन गटांत वेगवेगळी औषधं दिली. दोन्ही गटांत बीपी उतरलं आणि दोन्हींत भिंतीचा सैल होण्याचा वेग सुधारला. दोन गटांत म्हणावा असा फरक पडला नाही. गोळी कोणती यापेक्षा बीपी उतरलं का, याला महत्त्व. एम्पाग्लिफ्लोझिन आणि डापाग्लिफ्लोझिन या मूळच्या मधुमेहाच्या गोळ्यांनी २०२१ आणि २०२२ च्या मोठ्या चाचण्यांत टिकलेल्या ईएफच्या हार्ट फेल्युअरमध्ये पुन्हा ॲडमिट व्हायचं प्रमाण कमी केलं. पण त्या प्रत्यक्ष हार्ट फेल्युअर असलेल्यांसाठी आहेत. आईंना मधुमेह किंवा किडनीचा त्रास नसेल तर केवळ ग्रेड वनसाठी त्या सुरू करायच्या नाहीत.

गोळीपेक्षा जास्त करतो तो व्यायाम. अमेरिकेत डॅलसला केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४५ ते ६४ वयाच्या, निरोगी पण बैठी सवय असलेल्या माणसांनी आठवड्यातून चार-पाच दिवस, दोन वर्षं नेटाने व्यायाम केला. त्यांच्या डाव्या कप्प्याचा ताठरपणा मोजण्याइतका कमी झाला. सत्तरीत सुरुवात केलेल्यांवर आधी झालेल्या एका अभ्यासात तसा फरक पडला नव्हता. म्हणून आईंचं ऑपरेशन उगाच पाच-सात वर्षं पुढे ढकलून त्यांना खुर्चीत बसवून ठेवणं मला पटत नाही. खरं तर हा व्यायामाचा मुद्दा तुमच्यासाठीही आहे; आईला बीपी आहे, तुमची चाळिशी जवळ आली असेल, आणि फायदा होणारं वय तुमचंच आहे.

मिठाबद्दल थोडक्यात: जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते, म्हणजे जेमतेम एक चमचा. भाजी अळणी करून भांडणं होतात आणि लोणचं, पापड, सांडगी मिरची, फरसाण, ताकात वरून टाकलेलं मीठ तसंच राहतं. आधी ते ताटातून काढा, भाजीची चव राहू द्या. आणि रात्री आई मोठ्याने घोरतात का, मध्येच श्वास थांबतो का, तेही पाहा. झोपेत श्वास अडकण्याचा आजार बीपीला सहजासहजी खाली येऊ देत नाही.

आता तुम्ही नेटवर वाचलेल्या ध्यान-शवासनाकडे येतो. त्याने कप्प्याची भिंत दुरुस्त होणार नाही. पण बीपीच्या वाटेने त्याला जागा आहे, आणि हे काम आपल्या मुंबईत झालेलं आहे. डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीपीच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून १९६९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अनेकांचं बीपी उतरलं, गोळ्या चालू असलेल्यांपैकी बऱ्याच जणांची औषधाची गरज कमी झाली. तो काळ पाहता ते धाडसी आणि मोलाचं काम होतं. आजच्या कसोटीला तुलनेचा गट नसल्यामुळे त्यावरून गोळी बंद करा असं मी कधीच सांगणार नाही. हठप्रदीपिका या योगावरच्या जुन्या ग्रंथात शवासनाला ‘श्रान्तिहरं चित्तविश्रान्तिकारकम्’ म्हटलंय, थकवा घालवणारं आणि मनाला विसावा देणारं. तेवढं ते नक्की करतं. सावकाश श्वासाने नाडी थोडी उतरते, आणि नाडी उतरली की कप्प्याला भरायला वेळ मिळतो, हे वरच्या हिशेबात आपण पाहिलंच. आईंना जमिनीवर झोपून उठणं गुडघ्यांमुळे जड जाईल. पलंगावर, गुडघ्यांखाली लोड घेऊन, पंधरा-वीस मिनिटं केलं तरी चालेल. गोळी मात्र वेळच्या वेळी.

पुढचे पंधरा दिवस एक काम करा. दंडाला बांधायच्या मशीनवर सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी बीपी मोजून वहीत लिहा. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर, त्या वेळात बोलायचं नाही, दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे. सरासरी १३० आणि ८० च्या वर राहत असेल तर वही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि ऑपरेशनच्या तारखेआधीच औषध बसवून घ्या. गोळीचा डोस मी इथून सांगणार नाही, आईंना तपासलेल्या डॉक्टरांनीच तो ठरवायला हवा. इको पुन्हा दर सहा महिन्यांनी करत बसू नका. नवीन धाप, पायावर सूज किंवा छातीत धडधड सुरू झाली तर लगेच, नाहीतर तुमचे डॉक्टर सांगतील तेव्हा; आणि करताना हा जुना रिपोर्ट सोबत न्या, म्हणजे डाव्या वरच्या कप्प्याचा आकार तेव्हा किती होता आणि आता किती, याची तुलना करता येईल.